आडवाटेची डीझेल वाहने, जुनी : इंधनाची काटकसर

रस्ता नसलेल्या किंवा कच्च्या भूमीवरून जाता यावे म्हणून ज्यांच्या चारही चाकांना एंजिनाची शक्ती देण्याची सोय असते, अशा वाहनांना आडवाटेची वाहने म्हणतात. इंधनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण रूढ होण्यापूर्वीची, स्थूलमानाने १९५० ते १९९० या काळातील डीझेल वाहने प्रस्तुत नोंदीत विचारात घेतली आहेत. डोंगराळ भाग, वनक्षेत्रे, शेती व दूरच्या वस्त्या येथे ती अद्यापि वापरात आहेत. अशा ठिकाणी इंधनाची काटकसर हा केवळ खर्चाचा प्रश्न नसतो. टाकीतील इंधनावर परतीचा पल्ला गाठता येईल की नाही, हेही तीवर अवलंबून असते.

इतिहास : दुसऱ्या महायुद्धातील जीप पेट्रोलवर चालणारी होती. १९४८ मध्ये पुढे आलेल्या ब्रिटिश लँड रोव्हरला १९५७ मध्ये २,०५२ घ. सेंमी. क्षमतेचे डीझेल एंजिन मिळाले. १९६१ मध्ये त्याची जागा २,२८६ घ. सेंमी. क्षमतेच्या, सु. ६२ अश्वशक्तीच्या एंजिनाने घेतली. जपानी टोयोटा लँड क्रूझरचा बीजे ४० हा सु. ३ लिटर क्षमतेचा डीझेल प्रकार १९७४ मध्ये, तर मर्सिडीज-बेंझची जी-श्रेणी १९७९ मध्ये आली. भारतात महिंद्र अँड महिंद्र या मुंबईच्या कंपनीने जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. १९७३ च्या तेल संकटानंतर डीझेलकडे ओढा वाढला. या कंपनीच्या जीपमध्ये प्रथम ट्रॅक्टरच्या एंजिनावर आधारलेले डीझेल एंजिन व पुढे १९८० च्या दशकात प्यूजो कंपनीच्या अभिकल्पाचे २,११२ घ. सेंमी. क्षमतेचे एक्सडीपी ४.९० हे एंजिन बसविण्यात आले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अशा जीपगाड्या दीर्घकाळ प्रवासी व मालवाहतुकीचे प्रमुख साधन होत्या.

ऊर्जेचा हिशेब : एक लिटर डीझेलच्या ज्वलनातून सु. ३६ मेगॅजूल उष्णता मिळते. जुन्या एंजिनात तिचा जेमतेम चौथा हिस्सा मध्यम भाराखाली उपयुक्त कार्यात रूपांतरित होतो. उरलेली उष्णता निष्कास वायू व शीतक जल यांबरोबर निघून जाते आणि काही घर्षणात खर्च होते. उपयुक्त कार्य मुख्यतः दोन रोधांवर मात करण्यासाठी लागते. चाकांचा लोटन रोध वाहनाच्या वजनाच्या प्रमाणात असतो व वेगाबरोबर फारसा बदलत नाही; वायुरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आडवाटेच्या वाहनाचा पुढचा भाग रुंद, उभट व सपाट असल्याने त्याचा वायुरोध साध्या मोटारगाडीपेक्षा पुष्कळच अधिक असतो.

उदाहरणादाखल १,७०० किग्रॅ. वजनाचे, २.७ चौ. मी. दर्शनी क्षेत्रफळाचे व ०.६ ओढ गुणांकाचे वाहन घेऊ. डांबरी रस्त्यावर त्याचा लोटन रोध सु. ३०० न्यूटन धरल्यास, ताशी ६० किमी. वेगाला वायुरोध सु. २७० व ताशी ९० किमी. वेगाला सु. ६०० न्यूटन येतो. शक्ती-प्रेषणाची कार्यक्षमता ८५ टक्के व एंजिनाची २५ टक्के मानल्यास दर १०० किमी. ला पहिल्या वेगाने सु. ७.४ लिटर, तर दुसऱ्याने सु. ११.९ लिटर डीझेल लागेल. म्हणजे वेग दीडपट केल्यास त्याच अंतरासाठी सु. ६० टक्के अधिक इंधन खर्च होते. जुन्या वाहनात बचतीचा सर्वांत स्वस्त उपाय वेग आवरणे हा आहे, तो यामुळेच. छपरावरील मोकळा सामानकठडा काढून ठेवणे हाही याच जातीचा उपाय होय.

एंजिनाची रचना : या काळातील हलक्या डीझेल एंजिनांपैकी बहुतेकांत इंधन थेट सिलिंडरात न फवारता त्याला जोडलेल्या लहान पूर्वकक्षात किंवा भोवरा कक्षात फवारले जाई. त्यामुळे हवा व इंधन यांचे मिश्रण चांगले होऊन एंजिन कमी आवाजात व अधिक फेऱ्यांवर चालू शके. तथापि कक्षाच्या भिंतींतून बरीच उष्णता वाया जाते व अरुंद मार्गातून वायू ढकलण्यातही शक्ती खर्च होते. थंड एंजिन सुरू करण्यासाठी तापगुडद्या आणि २० ते २३ इतके उच्च संपीडन गुणोत्तर लागते. थेट अंतःक्षेपणाचे एंजिन तुलनेने सु. १० ते २० टक्के कमी इंधन घेते. १९८९ मध्ये लँड रोव्हर डिस्कव्हरीत आलेले २०० टीडीआय हे थेट अंतःक्षेपण व निष्कास वायूवर चालणारा टर्बोचार्जर असलेले २.५ लिटर क्षमतेचे एंजिन या संक्रमणाचे ठळक उदाहरण होय.

देखभाल : डीझेल एंजिनात शक्तीचे नियमन केवळ इंधनाचे प्रमाण बदलून होत असल्याने पुरेशी हवा न मिळाल्यास जादा इंधन अर्धवट जळून काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून सतत दिसणारा काळा धूर ही इंधन वाया जात असल्याची उघड खूण समजावी. हवा गाळणी तुंबणे, अंतःक्षेपकाची सुई झिजून फवाऱ्याऐवजी थेंब पडणे आणि अंतःक्षेपण पंपाचे इंधनप्रमाण वाढवून ठेवलेले असणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. पंपाची वेळ मागे पडली असल्यास ज्वलन उशिरा होऊन उष्णता निष्कासात जाते. फार पुढे असल्यास एंजिन ठोकू लागते. पांढरा धूर बहुधा न जळलेल्या इंधनाचा, तर निळा धूर वंगणतेलाचा निदर्शक असतो. संपीडन कमी झालेल्या एंजिनात केवळ पंप व अंतःक्षेपक दुरुस्त करून अपेक्षित फायदा होत नाही. म्हणून संपीडनाची चाचणी आधी करणे श्रेयस्कर ठरते. उष्ण प्रदेशात एंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट (तापनियामक) काढून टाकण्याची पद्धत आढळते. तिच्यामुळे एंजिन योग्य तापमानापर्यंत उशिरा पोहोचते, झीज वाढते व इंधनही अधिक लागते. चिकटलेले ब्रेक, सैल वा अतिघट्ट धारवे आणि कमी हवेचे टायर यांचा परिणाम एंजिनातील दोषाइतकाच मोठा असू शकतो. वाहन सपाट जागी, गिअर काढून, एका माणसाला सहज ढकलता येते की नाही, ही त्याची साधी कसोटी आहे.

शक्ती-प्रेषण : पक्क्या रस्त्यावर पुढील आस जोडून ठेवल्यास वळणावर पुढील व मागील चाकांच्या फेऱ्यांत पडणारा फरक शोषला जात नाही, दंतचक्रांवर ताण येतो, टायर झिजतात व इंधन वाया जाते. म्हणून चार चाकी चालन निसरड्या किंवा मऊ भूमीपुरतेच वापरावे. पुढील चाकांच्या तुंब्यांवर बसविलेले मुक्तचक्र कुलूप उघडल्यास पुढील आसाचे दांडे व विभेदी दंतचक्र फिरत राहत नाहीत. यातील बचत लहान पण नित्याची असते. १९७० च्या दशकात लँड रोव्हरसाठी फेअरी कंपनीचे जादा वेगाचे दंतचक्र (ओव्हरड्राइव्ह) मिळू लागले. त्यामुळे त्याच वेगाला एंजिनाचे फेरे सु. २२ टक्क्यांनी कमी होतात. मात्र चढावर किंवा समोरच्या वाऱ्यात लहान एंजिनाला हा भार पेलत नाही. तेथे खालचा गिअर घेणेच योग्य असते.

आडवाटेवरील खप : वाळूत किंवा चिखलात लोटन रोध डांबरी रस्त्याच्या दहापट किंवा त्याहूनही वाढू शकतो. अशा ठिकाणी प्रतिलिटर किलोमीटर हे माप निरुपयोगी ठरते. दर तासाला किती लिटर लागते, या हिशेबाने इंधन बाळगावे लागते. वाळूत टायरमधील हवा कमी केल्यास चाके कमी रुततात व खप घटतो. परंतु पक्क्या रस्त्यावर येताच ती पुन्हा भरणे आवश्यक असते.

मापन : टाकी काठोकाठ भरून ठराविक अंतर जावे, त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरावी व असे निदान तीनदा करून सरासरी काढावी. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविले असल्यास अंतरमापक कमी अंतर दाखवितो. व्यास ५ टक्के मोठा असताना मापकावर ४०० किमी. दिसले, तर प्रत्यक्ष अंतर ४२० किमी. असते, ४० लिटर इंधन लागल्यास खरा आकडा १० नसून १०.५ किमी. प्रतिलिटर होतो. प्रतिलिटर किलोमीटर या मापामुळे बचतीचा अंदाजही चुकतो. दर १,००० किमी. मागे ७ वरून ८ किमी. प्रतिलिटर अशी सुधारणा झाल्यास सु. १८ लिटर वाचतात, तर १० वरून ११ झाल्यास केवळ ९ लिटर. म्हणजे अधिक खप असलेल्या वाहनाची दुरुस्ती प्रथम हाती घेणे लाभाचे असते.

मर्यादा : जुने एंजिन काढून नवे बसविण्याचा विचार पुष्कळदा केला जातो. त्यामुळे खप ८ वरून ११ किमी. प्रतिलिटर झाला, तरी वर्षाला ५,००० किमी. चालणाऱ्या वाहनात सु. १७० लिटरच वाचतात. एवढ्या बचतीतून बदलाचा खर्च भरून निघण्यास बरीच वर्षे लागतात. शिवाय भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ अनुसार अशा बदलाला मान्यता घेऊन त्याची नोंद करावी लागते. याउलट अंतःक्षेपक, गाळण्या, ब्रेक व टायर यांची दुरुस्ती थोड्या खर्चात होते. इंधननळीवर चुंबक बसविण्यासारख्या उपायांना मात्र शास्त्रीय आधार नाही. डीझेलच्या निष्कास वायूंचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये मानवात कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या पदार्थांत केला. जुन्या एंजिनांना निष्कास गाळणी नसते. त्यामुळे काळा धूर थांबविणे ही मालकाच्या पैशांची बचत असतेच, परंतु त्या वाटेवर राहणाऱ्यांच्या आरोग्याचेही ते रक्षण असते. [→ डीझेल एंजिन, जीप].