व्हीलचेअर आणि एसटीची पायरी

व्हीलचेअरवरचा माणूस बसने प्रवास करू शकतो की नाही, हे चार गोष्टींवर ठरते: बसचा तळ जमिनीपासून किती उंच आहे, दार किती रुंद आहे, आत वळायला जागा आहे का आणि गाडी धावत असताना खुर्ची जागेवर घट्ट राहते का. यांतली एक जरी सोय नसली तरी बाकीच्या तिन्ही वाया जातात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मनोरंजन उद्यानांमध्ये आणि हॉटेलांमध्ये फिरणाऱ्या बसगाड्यांत या चारही सोयी एकत्र केलेल्या आहेत. तिथे व्हीलचेअर किंवा बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर घेऊन चढणारे प्रवासी रोजचेच आहेत.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात हाच प्रश्न एसटीच्या दारात उभा राहतो. शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वे जाते. पण आसनगाव किंवा खर्डीला उतरल्यावर किन्हवली, डोळखांबकडे जायला रस्त्याचाच आधार असतो. मुरबाडपर्यंत अजून रेल्वे नाही, त्यामुळे कल्याणला जायचे तरी गाडीच धरावी लागते. राज्य परिवहन महामंडळाची आगारे शहापूर आणि मुरबाड या दोन्ही गावांत आहेत. दवाखाना, कॉलेज, बाजार आणि पौष पौर्णिमेची म्हशाची जत्रा, या सगळ्यांसाठी बहुतेकांचा भरवसा एसटीवर असतो.

पायरीचे गणित

साध्या लाल गाडीचा तळ जमिनीपासून साधारण एक मीटर उंच असतो. खाली चासी, चाके आणि स्प्रिंगा असतात. खड्डे, गतिरोधक आणि घाटातले चढ यांतून गाडीचे पोट घासू नये म्हणून ही उंची ठेवलेली असते. धडधाकट माणूस ती तीन-चार पायऱ्यांत पार करतो. चाकाला मात्र पायरी चढता येत नाही, त्याला उतारच लागतो.

इमारतींसाठी एकास बारा हा उतार सोयीचा मानतात, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबीची फळी. ती जवळजवळ बसच्याच लांबीची होईल. फळी आखूड केली की चढ वाढतो आणि ढकलायला लागणारा जोरही वाढतो. माणूस आणि खुर्ची मिळून १०० किलो वजन धरले, तर एकास बाराच्या उतारावर सुमारे ८ किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो, एकास सहावर सुमारे १६ किलो आणि एकास चारवर सुमारे २४ किलो. बसलेल्या माणसाला हाताने चाके फिरवून एकास सहाचा चढ एकट्याने चढणे फार कठीण जाते, आणि खुर्ची मागे उलटण्याचाही धोका असतो. जुलैच्या पावसात फळी चिखलाने ओली झाली की ढकलणाऱ्याचा पायही घसरतो. म्हणून फळीचा पृष्ठभाग खरखरीत आणि दोन्ही कडा उचललेल्या असाव्या लागतात.

तळ खाली, फलाट वर, की लिफ्ट?

पहिला उपाय म्हणजे गाडीचाच तळ खाली आणणे. लो-फ्लोअर बसचा तळ सुमारे ४०० मिलिमीटर उंचीवर असतो. थांब्याचा कट्टा १५० मिलिमीटर उंच असेल, तर पार करायचे अंतर २५० मिलिमीटर उरते. काही गाड्या हवेच्या स्प्रिंगांतली हवा सोडून दाराच्या बाजूला आणखी झुकतात. मग एक मीटरच्या आसपास लांबीची, दारातच घडी घालून ठेवलेली फळी पुरते. लंडनमध्ये पायऱ्यांच्या जुन्या रूटमास्टर बस डिसेंबर २००५ मध्ये नेहमीच्या सेवेतून निघाल्या आणि त्यांची जागा लो-फ्लोअर गाड्यांनी घेतली. मात्र हा उपाय गुळगुळीत रस्त्यावर आणि पक्क्या थांब्यावर शोभतो. फाट्यावर मातीच्या कडेला थांबणाऱ्या गाडीला कट्ट्याचा आधार नसतो. गावाकडच्या उखडलेल्या रस्त्यावर इतका खाली आलेला तळ टेकतो.

दुसरा उपाय म्हणजे फलाट वर नेणे. पुण्यातल्या रेनबो बीआरटीची स्थानके याच तत्त्वावर बांधलेली आहेत. तिथे फलाट आणि बसचा तळ एका पातळीत येतात आणि खुर्ची सरळ आत जाते. ही कल्पना शहापूर-मुरबाडच्या स्थानकांत आणायची तर एक अडचण आधी सोडवावी लागेल. एसटी स्थानकांत गाडी सहसा फलाटाला तोंड लावून उभी राहते आणि वाहकाच्या शिट्टीवर मागे घेतली जाते. तिचे दार डाव्या बाजूला असल्यामुळे ते फलाटापासून लांब राहते. त्यामुळे उंच कट्टा उपयोगी पडायला गाडी बाजूने लागेल असा निदान एक वेगळा फलाट हवा.

तिसरा उपाय लिफ्टचा. लिफ्ट गाडीतच बसवली तर ती दार अडवते, तिची देखभाल करावी लागते आणि प्रत्येक चढ-उताराला काही मिनिटे जातात. अमेरिकेतली अॅमट्रॅक रेल्वे अनेक स्थानकांवर हाताने फिरवायची, चाकांवरची लिफ्ट ठेवते. गाडी आली की कर्मचारी ती दाराशी लावतो. अशी एक लिफ्ट स्थानकातल्या सगळ्या गाड्यांना चालते आणि तिला विजेचीही गरज नसते. ग्रामीण आगारासाठी हा मार्ग सर्वांत जवळचा आहे. अट एवढीच की गाडीचे दार खुर्चीपेक्षा रुंद असावे. व्हीलचेअरची रुंदी साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर असते आणि चाके फिरवणाऱ्या हातांनाही दोन्ही बाजूंना जागा लागते.

गाडी सुरू झाल्यावर

व्हीलचेअरचे ब्रेक फक्त मागच्या दोन मोठ्या चाकांना असतात. चालकाने करकचून ब्रेक दाबला की भार पुढच्या, मोकळ्या फिरणाऱ्या छोट्या चाकांवर जातो. मागची चाके हलकी होतात, त्यांची पकड सुटते आणि खुर्ची पुढे सरकते. वळणावर हा धोका बाजूने येतो. २५ मीटर त्रिज्येच्या वळणावरून गाडी ताशी ३० किलोमीटर वेगाने गेली, तर १०० किलो वजनाला सुमारे २८ किलोचा बाजूचा रेटा बसतो. माळशेज किंवा कसारा घाटात असा रेटा एकदा डावीकडून आणि लगेच उजवीकडून येतो.

म्हणून खुर्ची बांधावी लागते. महामार्गावर धावणाऱ्या गाडीत खुर्चीचे तोंड पुढे ठेवून तिच्या सांगाड्याला चार पट्टे लावतात, दोन पुढून आणि दोन मागून. चाक किंवा पाय ठेवायच्या पट्टीला पट्टा लावू नये, कारण हे भाग निखळतात. माणसासाठी वेगळा पट्टा असतो आणि त्याचा भार गाडीच्या तळावर येतो, म्हणजे टक्कर झाली तरी खुर्चीचे वजन शरीरावर पडत नाही. अशा पट्ट्यांची आंतरराष्ट्रीय चाचणी ताशी ४८ किलोमीटरच्या टकरीइतका धक्का देऊन होते. त्यात गुरुत्वाच्या वीस पटीपर्यंत झटका बसतो, म्हणजे १०० किलोसाठी दोन टनांचा ओढा. शहरातल्या हळू गाड्यांत दुसरी पद्धत चालते: खुर्ची मागे तोंड करून गादीच्या फळीला टेकवतात, त्यामुळे ब्रेक लागल्यावर पाठ फळीवर दाबली जाते. आडवी ठेवलेली खुर्ची मात्र कुठल्याही गाडीत धोक्याचीच.

स्कूटर आणि तीनचाकी सायकल

मोबिलिटी स्कूटरला हँडल असते, बैठक उंच असते आणि बॅटरीमुळे वजनही बरेच असते. ती व्हीलचेअरसारखी जागच्या जागी वळत नाही. ब्रिटनमधल्या बस कंपन्यांच्या संहितेत ६०० मिलिमीटर रुंद, १,००० मिलिमीटर लांब आणि १,२०० मिलिमीटर त्रिज्येत वळणारी स्कूटरच बसते. तीन चाकांच्या स्कूटरचा आधार त्रिकोणी असतो आणि पुढे तो निमुळता होतो. वर दिलेल्या वळणाचा रेटा तिला आडवी पाडायला पुरेसा ठरू शकतो. म्हणून स्कूटर बंद करून बांधावी आणि शक्य असेल तर माणसाने बसच्या आसनावर बसावे.

शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत स्कूटरचे काम हाताने फिरवायची तीनचाकी सायकल करते. केंद्राच्या योजनेतून मिळणाऱ्या अशा सायकली कानपूरची ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी बनवते. कच्च्या रस्त्यावर त्या दणकट ठरतात; पण लांबी दीड मीटरहून जास्त असल्यामुळे कुठल्याही बसच्या दारातून आत जात नाहीत. सायकल फाट्यावर ठेवून माणूस गाडीत चढला, तरी उतरल्यावर त्याच्याकडे काहीच साधन उरत नाही. एसटी स्थानकात आणि रुग्णालयाच्या दारात घडीची व्हीलचेअर ठेवली तर ही साखळी जुळते.

कायदा आणि आजची गाडी

१९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या ४१व्या कलमात बस थांबे, स्थानके आणि वाहने सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. शक्य आणि सुरक्षित असेल तिथे जुनी वाहने सुधारून घेणेही त्यात येते. केंद्राने डिसेंबर २०१९ मध्ये मोटार वाहन नियम बदलले आणि १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव आसने, कुबड्या अडकवायची सोय, व्हीलचेअर आत नेण्याची आणि अडकवून ठेवण्याची व्यवस्था आवश्यक ठरवली. एसटी दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत देते. पायरी ओलांडता आली तरच ही सवलत हाती लागते, म्हणून पायरीवरचा खर्च हा सवलतीचाच भाग समजायला हवा.

नवी गाडी येईपर्यंत जुन्या गाडीतला प्रवास निदान सुरक्षित करता येतो. चालकाने गाडी सपाट जागी, कट्ट्याला जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी. दंडांत जोर असलेला माणूस पायरीवर बसून एकेक पायरी मागे सरकत स्वतः वर जाऊ शकतो. उचलावेच लागले तर कसे उचलायचे, हे आधी त्यालाच विचारावे. दोघांनी उचलावे, एकाने पाठीमागून काखेतून आणि दुसऱ्याने गुडघ्यांखालून. खुर्चीसकट उचलायचे असेल तर हात सांगाड्याला घालावा, निघणाऱ्या हातांना किंवा पायपट्टीला नाही. रिकामी खुर्ची घडी करून डिकीत ठेवावी किंवा आसनाला बांधावी, आणि माणूस नीट टेकून बसल्यावरच वाहकाने घंटी द्यावी.