समाजमाध्यमांचा विवेकी वापर आणि शालेय शिक्षण

वाचता-लिहिता आले म्हणजे मनुष्य साक्षर झाला, अशी आपली फार दिवसांची समजूत आहे. परंतु आज घरोघरी मोबाईल पोहोचला असून चांगला शिकलेला मनुष्यसुद्धा खोट्या मजकुराला बळी पडतो आणि तोच मजकूर पुढे पाठवून कळत-नकळत दुसऱ्याचे अहित करतो. म्हणून आलेला मजकूर पारखून घेणे हाही साक्षरतेचाच भाग मानला पाहिजे व तो शाळेतच शिकविला गेला पाहिजे. हे का व कसे करता येईल, याचा थोडक्यात विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्न जिवाचा आहे

मोबाईलमुळे मुलांचा अभ्यास बुडतो, डोळे बिघडतात, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. ती खोटी नाही. पण प्रश्न तेवढाच नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी रविवारी तेथे आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच जण त्या दिवशी तेथे आले होते. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, असे संदेश त्या भागात अनेक दिवस मोबाईलवरून पसरत होते. या पाच जणांवर संशय घेतला गेला, जमाव जमला आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना ठार मारण्यात आले. ते मुले पळविणारे नव्हते. भिक्षा मागून पोट भरणारी ती गरीब माणसे होती.

त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथेही याच संशयावरून जमाव जमला होता. परंतु तेथे पोलीस वेळेवर मध्ये पडले, म्हणून पाच जणांचे प्राण वाचले.

त्या वर्षी देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एकीत मोटारसायकलवरील दोघे जण एका लहान मुलाला उचलून नेताना दिसत. ही चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची शहरात बालसुरक्षेच्या प्रचारासाठी बनविलेली होती. शेवटी मूल परत आणून सोडले जाते व पालकांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. तो शेवट कोणीतरी कापून टाकला आणि उरलेला भाग खरी घटना म्हणून सर्वत्र फिरला.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावी. असा संदेश पुढे पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात बहुधा वाईट हेतू नसतो. आपल्या भागातील मुले सुखरूप राहावीत, एवढेच त्यांना वाटत असते. म्हणजे हेतू चांगला असून भागत नाही. मजकूर खरा आहे काय, हे पाहावे लागते. दुसरे असे की, अफवेचा घाव सहसा अशाच माणसावर पडतो, ज्याला गावात कोणी ओळखत नाही आणि ज्याची बाजू घ्यायला कोणी उभे राहत नाही. भटका, परगावचा मजूर, वेडसर मनुष्य, एकटी स्त्री यांना त्याची झळ प्रथम बसते.

संदेश कसा पसरतो?

ही गोष्ट गणिताच्या तासाला सहज समजावून देता येईल. एका मुलाने एक संदेश पाच जणांना पाठविला आणि त्या प्रत्येकाने तो आणखी नव्या पाच जणांना पाठविला, तर पायरीपायरीने ५, २५, १२५, ६२५, ३१२५ असे करीत सहाव्या पायरीला तो १५,६२५ जणांकडे पोहोचतो. पहिल्या पाचांपैकी एकाने जरी तो आपल्याजवळ थांबविला, तरी त्या सहाव्या पायरीवरील ३१२५ माणसे त्यातून वाचतात. ‘मी एकट्याने काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांतच आहे.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. दुसऱ्याकडून आलेला संदेश पुढे पाठविल्यास त्यावर तशी खूणही दिसू लागली. एप्रिल २०२० पासून अनेक हातांतून फिरत आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो व त्यावर दोन बाणांची खूण असते. परंतु ते एक ठिकाण म्हणजे शेकडो माणसांचा गटही असू शकतो. म्हणजे यंत्र वेग कमी करील, पण विवेक देणार नाही.

बंदी की शिक्षण?

ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. लहान मुलांना काही मर्यादा हव्यातच. पण सोळावे वर्ष लागताच सर्व काही हाती येणार असेल आणि तोवर पारख शिकविलेलीच नसेल, तर धोका फक्त पुढे ढकलला जातो.

याउलट केरळातील कण्णूर जिल्ह्याचे उदाहरण पाहावे. तेथे गोवर-रुबेला लसीविषयी खोटे संदेश पसरून लसीकरणात अडथळे आले होते. तेव्हा जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी २०१८ मध्ये ‘सत्यमेव जयते’ नावाचा उपक्रम हाती घेतला. सुमारे दीडशे सरकारी शाळांतील मुलांना खोटी बातमी कशी ओळखावी, हे तासिका घेऊन शिकविले गेले. यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही; शिक्षकांची तयारी असली म्हणजे पुरे.

वर्गात काय शिकवावे?

(१) भाषेच्या तासाला : एखादा फिरता संदेश फळ्यावर लिहून मुलांना विचारावे, यात तारीख आहे काय? गावाचे नाव आहे काय? सांगणारा कोण? ‘ताबडतोब सर्वांना पाठवा’ अशी घाई कशासाठी?

(२) भूगोलाच्या तासाला : छायाचित्रातील दुकानांच्या पाट्या, वाहनांचे क्रमांक, झाडे, पोशाख यांवरून ते कोठील असावे हे ओळखण्यास सांगावे. गूगल लेन्ससारख्या साधनाने तेच चित्र पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले होते, हे पाहण्याचा सराव द्यावा.

(३) नागरिकशास्त्राच्या तासाला : दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे, दुसऱ्याच्या नावाने वावरून फसविणे, बालकांची अश्लील चित्रे पाठविणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये गुन्हे आहेत, हे स्पष्ट सांगावे.

(४) संरक्षणासाठी : ओटीपी कोणालाही सांगू नये. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० आणि बालक संकटात असल्यास १०९८ हे क्रमांक प्रत्येक वर्गात लावावेत. कोणी छायाचित्रावरून धमकावीत असेल, तर संदेश पुसून न टाकता पुरावा म्हणून जपावा व विश्वासातील मोठ्या माणसास सांगावे. पालकांनीही येथे जपून वागावे. ‘तुझीच चूक’ म्हणून मुलीची शाळा बंद केली, तर पुढच्या वेळी दुसरी मुलगी तोंडच उघडणार नाही.

जबाबदारी म्हणजे मौन नव्हे

हे सर्व शिकविताना मुलांच्या मनात भीती भरू नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेत २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द करण्यात आले. आपले मत मांडणे, अन्यायाविरुद्ध लिहिणे, प्रश्न विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे. वर्तमानपत्रात ज्यांना जागा मिळत नाही, त्यांना समाजमाध्यमाने आवाज दिला आहे. तो आवाज विश्वासार्ह राहावा, यासाठीच खऱ्याखोट्याची पारख हवी.

आपण काय करू शकतो?

शाळा आपले काम करील तेव्हा करील. पण आपल्या वस्तीतील अभ्यासिकेत आठवड्यातून अर्धा तास यासाठी काढणे आजही शक्य आहे. त्या आठवड्यात मोबाईलवर आलेला एक संदेश घ्यावा, मुलांनी तो तपासावा आणि निष्कर्ष फलकावर लिहावा. मात्र मुले ऐकून शिकत नाहीत, पाहून शिकतात. घरातील वडीलधारी मंडळीच न वाचता संदेश पुढे ढकलत असतील, तर शाळेतला धडा शाळेतच राहील. तेव्हा बोट बटणावर जाण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची सवय प्रथम आपण लावून घेऊ या. त्या क्षणभराच्या थांबण्यावर कोणा अनोळखी माणसाचा जीव अवलंबून असू शकतो.