घरची गोष्ट आणि सरकारी फाइल

अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात लढलेल्या पूर्वजाच्या गोष्टी तिथल्या अनेक घरांत आजही सांगितल्या जातात. पिढ्यांगणिक त्यांत भर पडते, साधा शिपाई कॅप्टन होतो. या युद्धात गोळीपेक्षा आमांश, विषमज्वर अशा रोगांनी जास्त सैनिक दगावले. पण आमांशाने गेलेल्या पणजोबाला गोष्टीत रणांगणावर पाडणे सोपे असते. म्हणून आठवण जपायची तर घरची गोष्ट आणि कागद दोन्ही शेजारी ठेवावेत, एकाने दुसऱ्याला पुसू नये. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात उत्तरेकडच्या सैनिकांच्या सेवानोंदी आणि पेन्शनच्या फाइली आहेत. पेन्शनसाठी जखम, आजार, लग्न सारे सिद्ध करावे लागे. त्यामुळे शेजारी, डॉक्टर, पलटणीतले सोबती यांच्या जबान्या त्यांत सापडतात. उत्तरेच्या लष्करात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यांतले बरेच जण गुलामीतून आलेले, आणि गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. त्यांच्या विधवांना नाते साक्षीदारांच्या तोंडून सिद्ध करावे लागले, आणि त्यातूनच या कुटुंबांचा लेखी इतिहास उरला.

कागद तरी कुठे निर्मळ असतो, असे कोणी म्हणेल. बरोबरच आहे. पेन्शन मागणारा दुखणे वाढवून सांगू शकतो. कागद नष्टही होतात: १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर उरले नाहीत. म्हणून तर घरची गोष्ट फेकायची नाही. कुटुंबाला काय लपवावेसे वाटले आणि कशाचा अभिमान वाटला, हे तीच सांगते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: पूर्वज गुलामगिरी टिकवणाऱ्या दक्षिणेकडून लढला असेल, तर ते उकरायचे कशाला? पण आठवण जपणे म्हणजे गौरव करणे नव्हे. या युद्धाची अखेरची पेन्शन, दरमहा ७३ डॉलर १३ सेंट, २०२० पर्यंत एका सैनिकाच्या मुलीला मिळत होती. तिचे वडील दक्षिणेच्या सैन्यातून पळून उत्तरेच्या सैन्यात गेले होते. अशा माणसाला शूर किंवा गद्दार या एकाच शब्दात बसवले, की त्याचे निम्मे आयुष्य गाळावे लागते. त्यापेक्षा गोष्ट कोणी, कोणाला, केव्हा सांगितली हे टिपून ठेवावे आणि कागद तिला कुठे दुजोरा देतो, कुठे खोडतो, तेही नोंदवावे. पुढच्या पिढीला आयता पुतळा देण्यापेक्षा तपासता येईल असा पुरावा देणे, हीच पूर्वजाशी अधिक प्रामाणिक वागणूक आहे.