दांडा कुणाच्या मापाचा?

सांधे दुखतात म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला वय विचारतात, वजन विचारतात, साखर तपासायला सांगतात. दिवसभर तिच्या हातात काय असतं, हे फारसं कुणी विचारत नाही. आपल्या वस्तीत सफाईचं काम किती घरांत आहे, चार घरची धुणीभांडी किती जणी करतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. खराटा, पोछा, बादली, विळी, लाटणं या वस्तू रोज सहा-आठ तास हातात असतात. गोळीची पट्टी विकत घ्यायच्या आधी या वस्तूंचा दांडा आणि मूठ एकदा नीट बघा, म्हणून आजचं पान त्यांच्यासाठी.

आधी हात कसा चालतो ते पाहू. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एखादी वस्तू एक किलोच्या जोराने दाबली, तर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळच्या सांध्यावर सुमारे बारा किलोचा दाब येतो. म्हणून पिना लावताना, तारेच्या घासणीने भांडं घासताना, कपडे पिळताना कळ नेमकी तिथेच येते. मूठ जितकी बारीक आणि गुळगुळीत, तितकी ती घट्ट आवळावी लागते. तीच मूठ जाड आणि थोडी खरबरीत केली की भार पूर्ण तळव्यावर पसरतो आणि बोटं सैल राहतात. दुसरी गोष्ट मनगटाची. मनगट सरळ असताना मुठीत सगळ्यात जास्त ताकद असते. वाकलेल्या मनगटाने तेच काम करायला जोर जास्त लागतो आणि शिरा घासल्या जातात.

हे जाणून वस्तू बनवणारे लोक जगात आहेत. अमेरिकेत सॅम फार्बर नावाचे भांड्यांचे व्यापारी होते. त्यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता आणि साल काढायचं साधं सोलणं त्यांच्या हातात टिकत नव्हतं. त्यातून 1990 साली जाड, रबरी मुठीचं सोलणं बाजारात आलं, आणि दुखणं नसलेल्या लोकांनीही ते उचललं. नदीत हौसेने कयाक ही छोटी होडी चालवणाऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या वल्ह्याचं पातं छोटं करून मिळतं, म्हणजे प्रत्येक ओढीला पाण्याचा भार कमी पडतो. मनगट सरळ राहावं म्हणून दांड्याला हात धरायच्या जागी बाक दिलेला असतो. कार्बनचं वल्हं किलोभरापेक्षाही हलकं असतं. लांबी माणसाची उंची आणि होडीची रुंदी बघून ठरते. शिकवणारे पहिल्याच दिवशी सांगतात, दांडा आवळू नका, बोटं सैल ठेवा, जोर खांद्यातून नाही तर धड वळवून द्या.

तासभराच्या हौसेसाठी एवढा विचार होतो. रोज पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाईच्या खराट्याचा दांडा मात्र जो हाताला लागेल तो.

तर खराट्याकडे येऊ. पुष्कळ ठिकाणी हिराचा जुडगा कामगारच बांबूला बांधून घेतात, म्हणजे माप थोडंफार आपल्या हातात आहे. सरळ उभं राहून खराटा जमिनीवर टेकवा. दांड्याचं वरचं टोक छाती आणि हनुवटीच्या मध्ये यायला हवं. त्यापेक्षा आखूड असेल तर कमरेतून वाकावं लागणार, आणि कंबर वाकली की मानही वाकते. पाच फूट उंचीच्या बाईने उंच माणसाचा दांडा वापरायचा नाही, उंच बाईने बुटकीचा वापरायचा नाही. बांबू वाळलेला घ्या. ओला बांबू जड असतो आणि प्रत्येक फटक्याला तो खांद्याला ओढतो. गाठी काचकागदाने घासून काढा.

हात धरायच्या दोन जागा असतात, वरचा हात छातीशी, खालचा कमरेशी. त्या दोन्ही जागी जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा आणि वरून सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी ओढून बांधा. जाडी किती? साधारण तीन ते चार सेंटिमीटर. मोजपट्टी नसेल तर मूठ बंद करून बघा, अंगठ्याचं टोक मधल्या बोटाच्या टोकाला जेमतेम टेकायला हवं. फार जाड केलं तर मूठ मिटतच नाही आणि हात उलट जास्त थकतो. बायकांचे हात लहान असतात, म्हणून नवऱ्याच्या मापाने गुंडाळू नका. पट्टी घाण झाली की बदला, नाहीतर घामाने बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात.

झाडताना कंबर पिळायची नाही, पाय उचलून वळायचं. अर्ध्या तासाने हात बदला, वरचा खाली, खालचा वर. पहिले दोन दिवस उलट्या हाताने झाडू नीट लागत नाही, मग जमतं.

घरातलं थोडक्यात. बादलीची तारेची कडी बोटांत रुतते, तिच्यावर पाण्याच्या जुन्या पाइपचा वीतभर तुकडा उभा चिरून बसवा. पूर्ण बादलीऐवजी दोन अर्ध्या बादल्या दोन हातांत न्या. जाड चादर हाताने पिळू नका, नळाला वेढा देऊन दोन्ही टोकं ओढा किंवा तशीच निथळत टांगा. नळ भाड्याचा असेल तर जरा बेताने! हंडा कडेला धरून बोटांवर उचलण्यापेक्षा दोन्ही तळवे खाली लावून उचला. विळी आणि सुरी धार लावून घ्या. बोथट पात्याला दुप्पट जोर लागतो, आणि बोट कापायचं तेव्हा तेच कापतं.

एवढं करूनही काही दुखणी मुठीने बरी होत नाहीत. दोन्ही हातांची बोटं सुजलेली, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही आणि हे सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललंय, तर ते साध्या झिजेचं दुखणं समजू नका. तो आमवात असू शकतो. त्याची औषधं लवकर सुरू झाली तर बोटं वाकडी व्हायची थांबतात. त्यात मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं. चिठ्ठीवर कोणता वार लिहिलाय ते डॉक्टरांकडून विचारून घ्या आणि घरात वाचता येणाऱ्या मुलालाही सांगून ठेवा.

रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन झोपमोड होत असेल, तर मनगटात शीर दाबली जाते आहे. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधल्याने अनेकांना आराम पडतो, पण अंगठ्याखालचा मांसल उंचवटा खपाटीला गेला असेल तर थांबू नका. आणि मेडिकलमधून मागून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी महिनोन्‌महिने रोज खाऊ नका, पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंड खराब होतात. जादू करणाऱ्या वाताच्या पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवसांत दुखणं गायब झालं तर खुश होण्याआधी शंका घ्या.

आता ज्यांना दांडा निवडायची मुभाच नाही त्यांच्याबद्दल. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, सलिनास खोऱ्यात, सॅलडच्या पानभाजीची आणि बिटाची रोपं विरळ करायला मजुरांना फूट-दीड फूट दांड्याचं फावड्यासारखं अवजार देत. मजूर बहुतेक मेक्सिकोकडचे. ते त्याला 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे छोटुकलं. दिवसभर कमरेत दुमडून काम. मळेवाले म्हणत, बारीक कामाला आखूड दांडाच लागतो. मजूर म्हणत, खरं कारण वेगळं आहे, कोण पाठ सरळ करून उभा राहिला ते मुकादमाला लांबूनच दिसतं. मजुरांचे नेते सीझर चावेझ यांनीही हे अवजार चालवलेलं होतं आणि त्यांना पाठीचा त्रास होता. वकिलांनी 1972 मध्ये सरकारकडे अर्ज केला, डॉक्टरांनी मणक्यांची नासाडी सांगितली. पहिला अर्ज फेटाळला गेला. ते वरच्या कोर्टात गेले आणि 1975 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांची बाजू घेतली. अवजारावर बंदी आली. लांब दांड्याने भाजी पिकायची काही थांबली नाही.

आपल्याकडे हजेरीच्या ठिकाणी हातमोजे आणि बूट मागतात, दांडा कुणी मागत नाही. पुढच्या वेळी अर्ज द्याल तेव्हा त्यात हेही लिहा: खराटा कामगाराच्या उंचीप्रमाणे दोन-तीन मापांत मिळावा, बांबू वाळलेला असावा, मुठीला रबर असावं, झिजलेला खराटा बदलून देण्याचा दिवस ठरलेला असावा. अर्जावर दहा जणींच्या सह्या घ्या, एक प्रत आपल्याकडे ठेवा आणि तिच्यावर पोच म्हणून शिक्का मारून घ्या.