जुन्या जीपमधील द्रवचालित ब्रेक : 'हवा काढणे' या प्रक्रियेतील अडचणी व त्यांचे निदान

प्रस्तावना :
नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर, किनवट, माहूर या परिसरात शेतीमाल व प्रवासी यांच्या वाहतुकीसाठी महिंद्रा जीपने दीर्घकाळ सेवा दिली आहे. विलीज कंपनीच्या मूळ आरेखनावर आधारित या जीपची जुळणी भारतात १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तिच्या जुन्या रचनेत मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखालच्या पत्र्याखाली असतो. त्यामुळे त्यातील ब्रेक ऑइल कमी झाले तरी सहजासहजी लक्षात येत नाही. शिवाय चारही चाकांना एकाच नळीमार्गाने दाब मिळत असल्याने एका चाकाजवळ गळती झाली तरी पायाचा संपूर्ण ब्रेक निकामी होतो. अशा गाडीत वारंवार हवा काढूनही पेडल मऊ का राहते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वैज्ञानिक आधार :
बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कल (१६२३-१६६२) यांचा नियम या ब्रेकचा पाया होय. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. म्हणून नळीत हवा शिरल्यास पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी हवा दाबण्यातच खर्ची पडतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावाही शोषून घेते. डॉट ३ प्रकारच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. माहूरगडासारख्या उतारावर ड्रम तापले की या पाण्याची वाफ होते व पेडल एकाएकी खाली जाते. पुढे गाडी थंड झाली की दोष दिसेनासा होतो.

पेडलवरून दोषनिदान :
१) पेडल खोल जाते, परंतु दोन-तीन वेळा दाबल्यावर वर येऊन कडक लागते : येथे बहुधा हवा नसते. ब्रेक शू झिजून ड्रमपासून दूर गेलेले असतात. आधी शूचे अंतर जुळवावे.
२) वारंवार दाबूनही पेडल स्पंजासारखे मऊच राहते : नळीत हवा आहे.
३) पाय स्थिर ठेवला असता पेडल हळूहळू खाली सरकते : बाहेर गळती असते किंवा मास्टर सिलिंडरमधील रबर खराब झालेले असते. हवा काढून हा दोष जात नाही.
४) हवा काढल्यावर काही दिवसांनी पेडल पुन्हा मऊ होते, पण गळती आढळत नाही : मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी अल्प दाब टिकवून ठेवणारा व्हॉल्व्ह व चाकाजवळील रबर तपासावे. पेडल झटकन सोडताच तेथून हवा आत ओढली जाते.
५) निप्पलमधून ऑइल येत नाही किंवा पाय काढल्यावरही चाक जाम राहते : दोष एकाच चाकाला अथवा मागील दोन्ही चाकांना असल्यास त्या मार्गावरील रबरी नळी आतून फुगलेली असू शकते. चारही चाके जाम होत असतील तर पेडलला सुमारे १२ मि.मी. मोकळी चाल आहे की नाही ते पाहावे. ती नसल्यास मास्टर सिलिंडरमधील ऑइल परतण्याचे छिद्र बंद राहते.

हवा काढताना घ्यावयाची दक्षता :
उजव्या बाजूस स्टिअरिंग असलेल्या जीपमध्ये मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे मागील डाव्या चाकापासून आरंभ करावा. त्यानंतर मागील उजवे, पुढील डावे व शेवटी पुढील उजवे चाक घ्यावे. पारदर्शक नळीचे टोक ऑइलमध्ये बुडवून ठेवावे आणि पेडल वर येऊ देण्यापूर्वी निप्पल बंद करावे; अन्यथा निप्पलच्या आट्यांमधून हवा पुन्हा आत शिरते. दर काही दाबांनंतर मास्टर सिलिंडरमधील ऑइलची पातळी पाहावी.

पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवणे विशेष हिताचे आहे. रोजच्या वापरात पेडल तळापर्यंत जात नसल्याने सिलिंडरच्या पुढील भागात गंज साचतो. हवा काढताना पेडल तळाला टेकविल्यास चांगले रबर त्या गंजावर घासून फाटते व दुरुस्तीतूनच नवा दोष उद्भवतो.

ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल कदापि घालू नये. त्याने रबर फुगते. असे घडल्यास नळ्या धुऊन सर्व रबरी भाग बदलावे लागतात.

समारोप :
सारांश, हवा काढणे हा प्रत्येक दोषावरील उपाय नव्हे. पेडलचे वर्तन ओळखणे ही त्यापूर्वीची पायरी आहे. खासगी वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण १५ वर्षांनी होत असले तरी ब्रेक ऑइल तोवर थांबत नाही. ते साधारणतः दोन वर्षांनी बदलावे व दर महिन्यास पत्र्याचे झाकण काढून त्याची पातळी पाहावी. हे काम अल्पखर्चाचे आहे. मात्र एकाच नळीमार्गावर विसंबलेल्या गाडीत बसणाऱ्यांचे प्राण त्यावर अवलंबून असतात.