दोष पिस्तुलाचा की हाताचा?

नवं कोरं दहा मीटर एअर पिस्तूल, किंमत लाखाच्या घरात, आणि छर्रे मात्र कार्डभर विखुरलेले! लगेच साइटचे स्क्रू पिळू नका. छर्रे एकाच जागी, पण मध्यापासून दूर लागत असतील, तरच साइट फिरवायची. विखुरलेल्या छऱ्यांवर तो उपाय नाही.

आधी पिस्तूल शिकंज्यात घट्ट धरून पाच-पाच छर्रे मारून पाहावेत. तिथेही पसरले, तर छर्रा बदला. सगळे 4.5 मिलिमीटरचेच म्हणवतात, पण डोक्याचा व्यास 4.48 ते 4.52 पर्यंत बदलतो, आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. नळीचे, साइटचे स्क्रू ढिले नाहीत ना, तेही तपासावं.

शिकंज्यात छर्रे एकाच भोकात गेले, तर मामला आपल्याकडे. पुढच्या-मागच्या साइटमध्ये सुमारे 32 सेंटिमीटर अंतर असतं. त्यांची जुळणी एक मिलिमीटर हलली, की दहा मीटरवर छर्रा तीन सेंटिमीटर सरकतो. दहाचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटरचं! ट्रिगर ओढताना मनगट इतकं सहज हलतं. मूठ हाताला बसत नसेल, तर जास्तच. माझ्या मते नव्या पिस्तुलाचा पहिला खर्च मुठीवरच करावा: कानस, लाकडाची लुगदी आणि भरपूर सबुरी.