‘हा सहा वर्षांचा गॅप कशामुळे?’



या आठवड्याच्या व्हिडिओत नोकरी सोडून दुकान टाकण्याबद्दल बोललो. पण मी एकदा उलटा प्रवासही करून बघितलाय. दुकान चालू असताना नोकरीसाठी इंटरव्ह्यू दिलाय. व्हिडिओत ते सांगायचं राहिलं. खरं सांगायचं तर राहिलं नाही, टाळलं. आज सांगतो.

साल २०२३. नाशिकरोडला किराणा दुकान सुरू करून सहा वर्षं झाली होती. समोरचा रस्ता खोदला गेला आणि गल्ला निम्म्यावर आला. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला ठरलेला. दुकानाआधी मी सात वर्षं सेल्समध्ये होतो. जुन्या मित्राने सांगितलं, एका मोठ्या एफएमसीजी कंपनीत रीजनल सेल्स मॅनेजरची जागा आहे. पगार ऐकून डोळे पांढरे झाले. अर्ज टाकला.

अकरा आठवडे

पहिला राउंड फोनवर, एचआरचा. पहिलाच प्रश्न, “करंट सीटीसी?” आता दुकानदाराला कसला आलाय सीटीसी! मग सॅलरी स्लिप मागितली, ती नाही म्हटल्यावर रिटर्न मागितलं. मी ४४एडीखाली रिटर्न भरायचो. त्यात विक्रीच्या किमान ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के उत्पन्न धरतात. माझी विक्री ५५ लाख, दाखवलेलं उत्पन्न ३ लाख ९० हजार. “म्हणजे महिन्याला साडेबत्तीस हजार. आमच्या बँडपेक्षा खूपच कमी आहे,” ती बाई म्हणाली. खरा नफा किती, हे मला कागदावर दाखवता येईना. कारण तो हिशोब मी कधी मांडलाच नव्हता. घरखर्च गल्ल्यातून, पोराची फी गल्ल्यातून, सगळं एकाच डब्यात.

तरी पुढे बोलावलं. सकाळची पंचवटी पकडून मुंबईला गेलो. वेळ ११ची, साहेब भेटले पावणेदोनला. बोलणं बरं झालं. मग म्हणाले, उत्तर महाराष्ट्राचा ९० दिवसांचा प्लॅन करून आणा.

मी जीव ओतला. पाच रात्री बसलो, जवळजवळ २२ तास. डिस्ट्रिब्युटर का सोडून जातो ते लिहिलं: माल आधी उचलायला लावतात, बाजारात त्याची उधारी अडकते, स्कीमचे क्लेम महिनोन्महिने येत नाहीत, म्हणजे मार्जिन कागदावर आणि भांडवल बाहेर. महिनाअखेरीला टार्गेटसाठी माल कोंबला की प्रायमरी सेल दिसतो छान, पण दुकानातून सेकंडरी उठतच नाही. छोट्या दुकानदारासाठी अर्ध्या पेटीची स्कीमही सुचवली. प्रेझेंटेशनला सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने फाइल मेल करायला सांगितली. केली.

शेवटच्या राउंडला समोरच्या साहेबांनी माझा बायोडाटा तिथेच पहिल्यांदा उघडला. दोनदा फोन घेतला. मग विचारलं, “हा २०१७पासून सहा वर्षांचा गॅप कशामुळे?”

मी म्हटलं, “सर, गॅप नाही. दुकान चालवतो.”

“हो, पण काम असं काही नाही ना?”

सकाळी सहाला शटर उघडणारा, ४० सप्लायर सांभाळणारा, उधारीसाठी दारोदार फिरणारा माणूस. आणि काम असं काही नाही! मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही, हे जास्त लागलं. त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही. मी दोनदा मेल केला. शेवटी दोन ओळी आल्या, पोझिशन होल्डवर आहे.

दोन महिन्यांनी त्याच कंपनीचा सेल्समन माझ्या काउंटरवर नवी स्कीम घेऊन आला. अर्ध्या पेटीची. ती माझीच होती असं मी म्हणणार नाही, अशा कल्पना दुसऱ्यालाही सुचतात. पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

खर्च किती झाला?

मुंबईच्या तीन फेऱ्या, प्रत्येकी ९०० म्हणजे २,७००. त्या दिवशी बाबा काउंटरवर बसायचे, विक्री साधारण ३,००० ने कमी व्हायची. १२ टक्के मार्जिनने तीन दिवसांचे १,०८०. प्लॅनचे २२ तास, तासाला ३०० धरले तर ६,६००. एकूण १०,३८० रुपये.

यातून घ्यायचं काय?

एक, स्वतःला पगार लावा. दर महिन्याला ठरलेली रक्कम दुकानाच्या खात्यातून आपल्या खात्यात. उरतो तो धंद्याचा नफा. रिटर्नचा आकडा टॅक्ससाठी असतो, आपला हिशोब वेगळा आणि खरा ठेवा.

दोन, फुकट काम किती द्यायचं ते आधी ठरवा. काय करणार ते सांगा, कसं करणार ते ऑर्डर पक्की झाल्यावर. कोटेशनच्या नावाखाली पूर्ण डिझाइन मागणारा गिऱ्हाईकही याच जातीचा.

तीन, आपलं काम आकड्यांत सांगायला शिका. “दुकान चालवतो” एवढ्यावर थांबू नका. “वर्षाला ५५ लाखांची विक्री, ४० सप्लायर, दोन माणसं हाताखाली” असं म्हणा.

आणि चौथं, जे मला सगळ्यात उशिरा कळलं. त्याच महिन्यात एक पोरगा माझ्याकडे कामाला विचारायला आला होता. “सांगतो” म्हणालो आणि विसरलो. तो तीनदा चक्कर मारून गेला, बाबांनी नंतर सांगितलं. मी कंपनीला शिव्या देत होतो आणि स्वतः तेच करत होतो. त्याला फोन केला तोवर तो दुसरीकडे लागला होता. आता माझा नियम आहे: हो असो की नाही, दोन दिवसांत फोन.

नोकरी वाईट असं मी म्हणत नाही. त्या दिवशी ऑफर आली असती, तर मी घेतली असती. पण आज तोच प्रश्न कुणी विचारला, तर माझ्याकडे उत्तर तयार आहे.

तुमचं आहे का? आज रात्री गल्ला मोजून झाला की एका कागदावर तीन ओळींत लिहून काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत.